टीव्हीत मुका झालेला मामा

माझ्या सासूबाईंचं नाव साखरबाई आहे, असं सगळं शेळगाव सांगेल. रेशनकार्डावर तेच, आधारवर तेच. कारखान्याच्या सभासद यादीतही तेच, आणि तिथला कारकून दरवर्षी सभासदांची साखर देताना तोच शिळा विनोद करतो, साखरबाईला साखर कशाला म्हणून. सासूबाई त्याला कधी हसल्या नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "पोत्याचं तोंड बांध, आन् तुजंबी."

हे नाव त्यांचं नाही. त्यांचं नाव बना. माहेर पळसदेव, उजनीच्या पाण्याकाठी. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, मग ती गेली आणि शेती आली. लग्न होऊन बना शेळगावला आली, तेव्हा ताटात तांदूळ पसरले. आपल्याकडं नवरा अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो, तसं. नवरा म्हणजे माझे सासरे, संभाजीतात्या. तात्यांच्या आईनं विचारलं, पोरीचं नाव काय? बना, माहेरचे म्हणाले. म्हातारी म्हणाली, हे नाव न्हाय चालायचं, आपल्या म्हशीचं नाव बना हाय.

हसू आलं असेल तर हसून घ्या. मलाही पहिल्यांदा आलं होतं, आणि सासूबाईंनी हातातलं उलथनं माझ्याकडं रोखल्यावर ते जिथल्या तिथं विरलं. तर मांडवात कुणीतरी शहाणं म्हणालं, मग म्हशीचं नाव बदला. त्यावर म्हातारी काय म्हणाली ते सासूबाईंना आजही शब्द न् शब्द पाठ आहे. "म्हस दुसऱ्या नावानं पान्हा सोडत न्हाय. सुनंचं काय, सून कुठल्याबी नावानं भाकरी थापती." आणि तात्यांनी खाली मान घालून तांदळात 'साखर' लिहिलं. त्या माणसानं आयुष्यात फारसं काही वाईट केलेलं नाही. पण त्या दिवशी मान वर केली असती तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

साखर नाव ठेवलं आणि जीभ मिरचीची झाली. पाटाच्या पाण्याची पाळी कुणी मोडली, तर ही बाई खुरपं घेऊन चारीवर जाऊन बसायची आणि पाणी आपल्या उसात वळल्याशिवाय उठायची नाही. पाणी सोडणारा पाटकरी लांबूनच हात जोडायचा. गावात म्हणतात, संभाजीतात्याची बायको नाकावर राग घेऊनच जन्मली. खोटं आहे. जन्मली तेव्हा ती बना होती, राग शेळगावात मिळाला.

माझ्या लग्नातही ताट आलं, तांदूळ आले. मी सांगवीची, उत्कर्षा. तात्यांनी माझ्यासाठी नाव काढून ठेवलं होतं, वैष्णवी. नाव वाईट नाही, पण माझं नाही. अंगठी तांदळात टेकली होती. तेवढ्यात सासूबाई बायकांच्या घोळक्यातून पुढं आल्या आणि माझ्या नवऱ्याला, ऋषिराजला, म्हणाल्या, "तिला नाव हाय. हाय ते लिही." तात्या काहीतरी पुटपुटले. सासूबाईंनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ऋषिराजनं गुपचूप 'उत्कर्षा' लिहिलं. म्हणून सांगते, त्या बाईसाठी मी कुणाशीही भांडेन, आणि गेल्या दिवाळीत भांडलेच.

सासूबाईंना बना म्हणून हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, त्यांचा थोरला भाऊ गेणबा. आमचा गेणबामामा. आवाज असा, की पाण्याच्या या काठावरनं हाळी दिली तर त्या काठावरची म्हसरं मान वर करायची. तो दरसाल भाऊबीजेला यायचा आणि वेशीपासूनच ओरडत यायचा, "बने, ए बने." सासूबाई एरवी कुणाच्या हाकेला उठत नसत, पण त्या हाकेला पिठाच्या हातानं पळायच्या. गेल्या उन्हाळ्यात गेणबामामा गेला. सासूबाई रडल्या नाहीत, महिनाभर सगळ्यांवर खेकसत राहिल्या. मग एकदा चुलीपुढं बसून मला म्हणाल्या, "उत्कर्षा, आता बना मेली बग." 

दिवाळीच्या आधी मामाचा मुलगा रणजित एक पेनड्राइव्ह देऊन गेला. मागं एका दुष्काळात धरण तळाला गेलं होतं, पाण्यातलं जुनं देऊळ सगळं उघडं पडलं होतं, आणि दोन्ही घरची माणसं ते बघायला चिखल तुडवत गेली होती. रणजितनं तेव्हा हँडीकॅमवर शूटिंग केलं होतं. डिस्क आता चरे पडून गेली, त्यातनं जेवढं निघालं तेवढं त्यानं आणलं. मामाचा आवाज धरून ठेवलेला दुसरा कुठलाही तुकडा घरात नव्हता. पेनड्राइव्ह हातात घेऊन सासूबाईंनी विचारलं, "ह्यात त्यो मला हाक मारतोय न्हवं?" रणजित म्हणाला, "मारतोय की आत्या, चांगली खणखणीत."

त्यांनी तिथंच ठरवलं. भाऊबीजेला हे बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर लावायचं, सगळ्यांसमोर. शेजारच्या एक आजी म्हणाल्या, ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, तू चंद्राला ओवाळ. सासूबाई म्हणाल्या, "चंद्र काय मला बने म्हणनार हाय व्हय?"

आता आमचा टीव्ही. ऋषिराजनं इंदापुरातनं स्वस्तात मोठा पडदा आणला होता, भिंत भरेल एवढा. माझा जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत, त्यावर घरातले सगळे फोटो आणि लग्नाच्या सीड्या भरलेल्या, आणि वायफायवरून टीव्ही ते सगळं उघडतो, अशी मांडामांड मीच केलेली. पेनड्राइव्हमधलं मी कॉम्प्युटरवर घेतलं. टीव्हीवर यादी उघडली तर बारशाचं दिसतंय, वास्तुशांत दिसतेय, मामाचं नाहीच. ऋषिराज म्हणाला, थांब, मला माहीत आहे. त्यानं फाइलच्या नावाची शेपटी पुसली आणि तिथं एमपीफोर लिहिलं. झालं. यादीत नाव आलं, दाबलं, देऊळ दिसलं, लाल पटक्यातला मामा दिसला. ऋषिराज छाती फुगवून उभा.

मामाचं तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

खाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ येऊन गेली, या आवाजाची पद्धत टीव्हीला समजत नाही म्हणून. मी ती दाखवली. ऋषिराज म्हणाला, तसं येत असतं. मग त्यानं टीव्हीचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला, मग वायफायच्या माणसाला फोन करून झापलं, त्या बिचाऱ्याचा काय संबंध? माझ्या मोबाइलवर घेऊन पाहिलं, तिथंही तेच, चित्र आहे आणि आवाज नाही. तात्या सोफ्यावर बसून होते. म्हणाले, "आरं, शूटिंगलाच आवाज नसंल. दिसतंय न्हवं? बास की."

सासूबाई पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मामा वळतो, हात वर करतो, तोंड भलंमोठं उघडतो. "हितंच," त्या म्हणाल्या. "हितंच हाक मारतोय त्यो." पुन्हा लावायला लावलं. पुन्हा मामानं मुक्यानं तोंड उघडलं. मला ते बघवेना, आणि तात्यांचं ते 'बास की' ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. बास म्हणे. यांना कुणी कधी म्हशीसाठी नाव सोडायला लावलं होतं?

मी ऋषिराजला म्हटलं, नाव बदलून काही होत नाही, आत काय आहे ते बघावं लागेल, मला एक दिवस दे. पण ऐकेल तर तो तात्यांचा मुलगा कसला. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह खिशात घालून गडी इंदापूरला एका शूटिंगवाल्याकडं गेला आणि संध्याकाळी हसत हसत आला. "आला आवाज. लाव." सासूबाई करंजीचं सारण तसंच टाकून आल्या. सुरू झालं, आणि बाहेरच्या खोलीत ढोल वाजायला लागले, मग बासरी, मग कुठलंतरी भावाबहिणीचं गळा काढणारं गाणं. मामाच्या भोवती गुलाबी बदाम फिरत होते. मामा तोंड उघडतो, आणि आतून कुणी बाई गातेय.

आमच्या भागात ही रीतच आहे. लग्नाचं शूटिंग असो, बारशाचं असो, खरा आवाज पहिला पुसायचा आणि वर गाणी घालायची. माझ्या लग्नात माझा बाप निरोपाला काय बोलला ते मला कधीच ऐकायला मिळालं नाही, तिथं सनई आहे. त्या इंदापूरच्या शहाण्यानंही सवयीनं तेच केलं, वर जुनी फाइल पुसून त्याच पेनड्राइव्हवर हे भरून दिलं.

सासूबाईंनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. "ऋष्या," म्हणाल्या, "माज्या भावाच्या तोंडात दुसऱ्याची बाई घातलीस तू."

"अगं, मला काय हौस होती का?" ऋषिराज म्हणाला. "तात्याच म्हणाले, आवाज येत नसंल तर चांगलं गाणं टाकून घे."

सासूबाईंनी तात्यांकडं पाहिलं. तात्या पेपर वाचत होते, पेपर कालचा होता. सासूबाई आत गेल्या, सारणाचं ताट झाकून ठेवलं आणि त्या रात्री आमच्या घरात करंज्या झाल्या नाहीत.

मी मात्र गप्प बसले नाही. ऋषिराजला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. नशीब एवढंच, की मूळ फाइल माझ्या कॉम्प्युटरवर होती आणि या बापलेकांनी तिच्या नावापलीकडं कशाला हात लावला नव्हता. सकाळी भाऊबीज. मी आंघोळ करून आतल्या खोलीचं दार लावून बसले. नणंद स्वरूपा मुलांना घेऊन आली होती, ऋषिराजला ओवाळायला. ती दारावर थाप मारून म्हणाली, "वहिनी, पाट मांडायचेत." म्हटलं, तुझे तू मांड.

कॉम्प्युटरच्या स्पीकरची वायर उंदरांनी कधीच कुरतडलेली. मोबाइलचे इअरफोन खुपसले आणि फाइल लावली. वारा. भरपूर वारा, चिखलात पाय पडल्याचा चबक चबक, आणि मग कानाचा पडदा फाटेल अशी हाक. "बने, ए बने." मी पुढचं ऐकलंच नाही, कानातली वायर ओढून तशीच पळाले. "आत्याबाई, आवाज आत आहे. फाइलमध्ये आहे. टीव्हीलाच ऐकू येत नाही."

सासूबाई रांगोळी टाकत होत्या. मी इअरफोन पुढं केले. त्यांनी हात मागं घेतला. "कानात नगं."

"अहो, आत्ता ऐका तरी."

"कानात कुजबुज नगं मला, उत्कर्षा. भर मांडवात नाव काढून घेतलं हुतं माजं. भर घरात ऐकायचंय. सगळ्यांम्होरं." मग रांगोळीचा ठिपका देत म्हणाल्या, "तुजा टीव्ही भैरा कशानं झाला, ते मला सांग."

मी सांगितलं. चित्राची एक बोली असते आणि आवाजाची दुसरी, आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. आपल्या टीव्हीला चित्राची बोली येते, पण हँडीकॅमच्या आवाजाची येत नाही, कारण ती येण्यासाठी कंपनीला दुसऱ्या कंपनीचा परवाना घ्यावा लागतो, आणि स्वस्तातल्या टीव्हीत तो घेतलेला नाही. ऋषिराजनं गाठोड्यावरची चिठ्ठी बदलली. टीव्हीनं चिठ्ठी बघून दार उघडलं, पण आत होतं ते तसंच होतं.

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "नाव बदाललं म्हून आतलं बदालतंय व्हय? एवढी साधी गोष्ट. आन् ती ह्या घरात कुणालाच कशी म्हाईत न्हाय?" हे टीव्हीबद्दल नव्हतं. ओसरीवर तात्या दाढी करत होते, त्यांचा हात थांबला आणि मग पुन्हा चालू झाला.

पुढचं काम सोपं होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. चित्राला हात लावायचा नाही, फक्त आवाज टीव्हीला कळणाऱ्या बोलीत करून घ्यायचा आणि गाठोडं पुन्हा बांधायचं. फुकटात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं होतं. आधी फाइलची आणखी एक प्रत काढून माझ्या मोबाइलमध्ये ठेवली, कारण या घराचा भरवसा नाही. मग आवाज बदलायला लावला आणि ती पट्टी सरकताना बघत बसले. ऋषिराज दारात येऊन म्हणाला, "काही मदत करू?" म्हटलं, तिथंच उभा राहा आणि कशाला हात लावू नकोस. तो उभा राहिला.

ओवाळणं दुपारी झालं. स्वरूपानं ऋषिराजला ओवाळलं. मग सासूबाईंनी तेच ताट उचललं, वात पुढं सारली आणि मला म्हणाल्या, "लाव."

बाहेरच्या खोलीत सगळी होती, शेजारच्या आजीसुद्धा. तात्या उठायला लागले, बैलांना पाणी दाखवतो म्हणून. सासूबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "बसा. बैलं न्हाईत, विकून दोन वर्सं झाली." तात्या बसले.

मी दाबलं. वारा आला. आख्ख्या खोलीत वारा घुमला. देऊळ दिसलं, चिखल, लाल पटका. पाय पडल्याचे आवाज, कुणाचं तरी हसणं. मग चित्र थबकलं आणि मधोमध ते गोल चक्र फिरायला लागलं. लोखंडी कपाटामागं वायफायचा डबा, हे आमच्या ऋषिराजचं आणखी एक कर्तृत्व. मी बोलायच्या आत त्यानंच धावत जाऊन डबा ओढून काढला आणि हातात उंच धरून उभा राहिला. चित्र हललं. मामा वळला, हात वर केला.

"बने, ए बने."

भांडी किणकिणली असतील, एवढा आवाज. शेजारच्या आजीनं पदर तोंडाला लावला. मामा पडद्यातून ओरडतच होता. "म्हागं सर गं, पाय रुततोय तितं. साखर केलीया त्यांनी तुजी, इरघळून जाशील." कॅमेऱ्यामागं हशा झाला. मग मामानं मान वळवली, कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडं तरी बोट केलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दाजी, तुमची म्हस मरून जमाना झाला. आता तरी माज्या भनीचं नाव माघारी द्या की."

त्यावर टीव्हीत एक हसणं ऐकू आलं, पुरुषाचं, मोठ्यानं. ते तात्यांचं होतं. त्या दिवशी चिखलात उभे राहून ते हसले होते, आणि आज सोफ्यावर बसून स्वतःचंच हसणं ऐकत होते.

मग मला सगळं उमगलं. 'दिसतंय न्हवं, बास की' कशासाठी होतं, गाणं कशासाठी होतं, कालचा पेपर कशासाठी होता. सासूबाईंना पहिल्यापासून माहीत होतं पडद्यात पुढं काय आहे ते. त्यांना नुसती हाक ऐकायची नव्हती, भावानं मागितलेलं ते मागणं या घराच्या कानावर पुन्हा घालायचं होतं. तात्यांकडं बघून मला असा संताप आला, की वडीलधारं माणूस आहे हे मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. स्वतःची लाज झाकायला हा माणूस मेलेल्या माणसाच्या तोंडावर गाणं टाकायला निघाला होता.

सासूबाई पडद्याजवळ गेल्या. पडद्यासमोर ताट फिरवलं, तीनदा. वात काचेत दिसत होती, मामाच्या पटक्यावर. "व्हय दादा," म्हणाल्या, "सरले म्हागं." ताट खाली ठेवलं आणि मोरीकडं गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

संध्याकाळी चहाच्या वेळेला तात्यांनी ओसरीवरनं सवयीनं हाक मारली. "साखरे, चहा." सासूबाई माझ्याशेजारी बसून पावटा सोलत होत्या. शेंग मोडली, दाणा काढला, पुढची शेंग घेतली. "अगं साखरे." काही नाही. मी उठायला लागले तर त्यांनी माझा पदर धरला. "म्हस दुसऱ्या नावाला ओ देत न्हवती," हळूच म्हणाल्या. "येवढी वर्सं झाली, मला म्हशीयेवढी अक्कल आता आली."

तात्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, चौथ्यांदा मारली नाही. थोड्या वेळानं ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात होती. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढा मोठा माणूस, पण दोन अक्षरांसाठी त्याला घाम फुटला होता, आणि मला खरं सांगायचं तर जराही दया आली नाही.

"बने," तात्या म्हणाले.

सासूबाईंनी मान वर केली. "बनाबाई म्हना. बने म्हनायचा हक्क एकाचाच हुता."

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "बनाबाई," म्हणाले, "चहा मिळंल का?"

"मिळंल," सासूबाई म्हणाल्या, आणि शेंगा बाजूला सारून उठल्या.